जाहिरातीतला कडा आणि साताऱ्याचा कातळ

प्रश्न असा आहे: मुलगा अकरावीत, घर साताऱ्यात. टीव्हीवर शीतपेयांच्या आणि गाड्यांच्या जाहिरातींत पोरं दोर न लावता कडे चढताना दाखवतात. ते बघून तो आणि त्याचे तीन मित्र येत्या रविवारी यवतेश्वर घाटाच्या वरच्या कातळावर क्लायंबिंगला निघालेत. दुकानातून नायलॉनचा दोरही आणून ठेवलाय. जाहिरातीत दाखवतात त्यातलं खरं किती? नुसतं 'जाऊ नको' म्हटलं तर तो ऐकणार नाही, त्याला कारणं हवीत.

आधी रविवारचं. तो दोर घेऊन जायचं नाही, हे आजच सांगा. हार्डवेअरच्या दुकानातला दोर माल बांधण्यासाठी केलेला असतो. 'नायलॉनचा' म्हणून मिळणारा चकचकीत रंगीत दोर बऱ्याचदा पॉलिप्रॉपिलीनचा निघतो. ते १६० अंशांच्या आसपास वितळतं, आणि दोरावर दोर घासत धावला की तेवढी उष्णता तयार व्हायला वेळ लागत नाही. क्लायंबिंगचा दोर वेगळ्याच बांधणीचा असतो. आत लडींचा गाभा, वर विणलेलं आवरण, एकच दोर लावून चढायचं असेल तर त्याची जाडी साधारण ९ ते १०.५ मिमी. मुख्य म्हणजे तो मुद्दाम ताणला जाईल असा केलेला असतो. ८० किलो वजन नुसतं टांगलं तर १० टक्क्यांपर्यंत आणि प्रमाणित चाचणीतल्या पहिल्या झटक्याला ४० टक्क्यांपर्यंत ताण त्याला मान्य आहे. या ताणामुळे पडणाऱ्याला बसणारा हिसका १२ किलोन्यूटनच्या, म्हणजे सुमारे १२०० किलो भाराच्या आत राहावा लागतो. तसा राहिला नाही तर दोराला प्रमाणपत्रच मिळत नाही. माल बांधायच्या दोराची अशी चाचणी कोणी घेत नाही. तो कदाचित तुटणारही नाही, पण न ताणता जो हिसका देईल तो कंबर आणि पाठीच्या कण्याने सोसायचा.

आता जाहिरातीकडे वळू. लोकांना वाटतं की उंची खोटी असते, कडा कम्प्युटरवर केलेला असतो. कधी असतो, पण बऱ्याचदा कडा खरा असतो आणि चढणाराही खरा असतो. पुसलेला असतो तो दोर. आणि दोराबरोबर त्याचं दुसरं टोक धरून बसलेला माणूसही पुसला जातो, हे जास्त वाईट. दोर पुसला तरी पाहणाऱ्याला निदान शंका येते. हा बिले देणारा, म्हणजे दोर धरून चढणाऱ्याला सांभाळणारा, मात्र मुळात असतो हेच कित्येकांना माहीत नसतं, त्यामुळे तो गायब झाल्याचं कोणाच्या लक्षातही येत नाही.

चित्रीकरणाच्या दिवशी त्या कड्यावर काय असतं ते मुलाला सांगा. चढणाऱ्याच्या, किंवा हिरोच्या जागी चढणाऱ्या डबलच्या, शर्टाखाली पातळ हार्नेस, म्हणजे कमरेला आणि मांड्यांना बांधायचा पट्टा, असतो. त्याला वरून दोर किंवा पोलादी वायर लावलेली असते. ती नंतर एकेका फ्रेममधून पुसतात. कॅमेरामन बाजूला न ताणणाऱ्या, म्हणजे स्टॅटिक, दोरावर झुमार, म्हणजे दोराला चावून बसणारी पकड, लावून लटकलेला असतो. त्याला दोन स्वतंत्र दोर आणि दोन्हींना वेगवेगळे अँकर, म्हणजे कातळातले पक्के आधार. जिथे दोर कड्याच्या धारेवर टेकतो तिथे जाड कापड किंवा पाइपचा तुकडा घातलेला, कारण भार आलेला दोर धारेवर मागे-पुढे सरकला की आवरण कापत जातं. धारेजवळ वावरणारा प्रत्येक माणूस सेल्फ अँकरवर, म्हणजे स्वतःला आधाराला बांधून. लेन्सचं झाकण, बॅटरी, वॉकीटॉकी, सगळं दोरीने बांधलेलं. ३० मीटरवरून सुटलेली वस्तू खाली पोचेपर्यंत ताशी ८५ किलोमीटरच्या पुढे गेलेली असते, मग ती बॅटरी का असेना. थोडक्यात, दोराशिवायची अर्ध्या मिनिटाची जाहिरात करायला एरवीच्या चढाईपेक्षा जास्त दोर लागतात.

हे पडद्यावर पकडता येतं. पोरांना त्यात मजा येते, म्हणून जरा तपशिलात लिहितो.

चढणाऱ्याच्या पाठीमागे कमरेला खडूच्या भुकटीची, म्हणजे मॅग्नेशियम कार्बोनेटची, छोटी पिशवी लटकत असते. तीच गवंड्याचा ओळंबा समजायची. कातळ खरोखर उभा असेल तर पिशवी, सुटलेली स्लिंग (पट्टीचा फास), कानातलं, मोकळे केस हे सगळं कातळाला समांतर लोंबेल. ओव्हरहँग असेल, म्हणजे कातळ बाहेर झुकलेला असेल, तर लोंबणारी वस्तू कातळापासून दूर, मोकळ्या हवेत जाईल. आणि चित्रात कडा उभा दिसतोय पण पिशवी माणसाच्या अंगाला किंवा कातळाला चिकटून पडलीय, तर समजा कॅमेरा तिरका धरलाय आणि पठ्ठ्या चाळीस-पन्नास अंशांच्या उतरणीवर रांगतोय. फटीत उगवलेलं झुडूपही चुगली करतं, ते वर आकाशाकडे वाढतं, कॅमेऱ्याच्या वरच्या कडेकडे नाही. चौकटीत खालची जमीन कधीच एकत्र दिसत नसेल, तर पाय जमिनीपासून दोन मीटरवर आणि खाली गाद्या, अशी शक्यता धरा. पायांच्या मागून वाइड लेन्सने खाली बघितलं की दहा मीटरची दरी शंभराची दिसते. शर्टाची कमरेवरची घडी बघा. वरून वायर लावलेली असेल तर कापड मध्येच वर ओढल्यासारखं उचललेलं दिसतं, ते पुसणाऱ्याकडून हमखास राहून जातं.

आता हालचाली. एका हाताने लटकणं शक्य आहे. चांगले क्लायंबर करतात, पण गरज पडली तर, आणि लगेच पाय परत कातळावर ठेवण्यासाठी. चढाई पायांवर होते. हात तोल सांभाळतात आणि शरीर कातळाजवळ ठेवतात. आपल्याकडच्या शिबिरांत पहिल्या दिवशी थ्री पॉइंट क्लाइंब घोकून घेतात: दोन हात आणि दोन पाय यांतले तीन कायम टेकलेले, एकच हलवायचा. जाहिरातीत हा नियम पाळलेला दिसत नाही, कारण नीट पाय टाकणारा माणूस कॅमेऱ्यात कंटाळवाणा दिसतो.

पडणाऱ्या मित्राचा हात ऐन वेळी पकडायचा, हा तर जाहिरातवाल्यांचा लाडका प्रसंग. त्याचा हिशेब मुलाला वहीवर करायला लावा. ७० किलोचा माणूस १ मीटर पडला आणि पकडणाऱ्याच्या हाताने त्याला २० सेंटिमीटरमध्ये थांबवलं, तर त्या हातावर सरासरी भार येतो सुमारे ४२० किलो. घामाने ओल्या पंजाची पकड तेवढी नसते, खांद्याचीही नसते. पकडणारा स्वतः अँकरला बांधलेला नसेल तर दोघेही जातात.

घड्याळाच्या जाहिरातीत मनगटावर पोलादी पट्टा आणि बोटात अंगठी घालून फटीत हात खुपसतात. फटीत अंगठी अडकली आणि पाय सुटला तर बोटाची कातडी अंगठीबरोबर निघते. म्हणून कातळाला हात लावायच्या आधी अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवायचं. हेल्मेट जाहिरातीत नसतं कारण तोंड दिसायला हवं. बूट ट्रेकिंगचे जाड तळव्याचे असतात, त्यांनी बोटभर होल्डवर, म्हणजे कातळातल्या पकडीच्या जागेवर, उभं राहता येत नाही. खांद्यावर आडवी घातलेली दोराची वेटोळी घेऊन एकटाच चढणारा नायक तर नेहमीचा. तो दोर कशालाच बांधलेला नाही, म्हणजे तीन-चार किलोचं ओझं फक्त. क्वचित उन्हाळी कपड्यांत, कोरड्या कातळावर, हातात बर्फाची कुऱ्हाडही दिसते. त्याबद्दल काय बोलणार!

वेळेचंही तसंच. तीन शॉटमध्ये माथा. सह्याद्रीत नव्या वाटेवर लीड करणाऱ्याला, म्हणजे सगळ्यात पुढे चढणाऱ्याला, हातोडी-पंचने घट्ट बेसाल्टमध्ये एका बोल्टचं (दोर अडकवायच्या खिळ्याचं) भोक पाडायला अर्धा-पाऊण तास सहज जातो. तेवढा वेळ खालचा माणूस मान वर करून, ब्रेकचा, म्हणजे दोर रोखून धरणारा, हात दोरावरून क्षणभरही न काढता उभा असतो. हे दृश्य कुठल्या शीतपेयाला विकत नाही.

सगळ्याच जाहिराती सारख्या नसतात, हेही सांगायला हवं. २०११ मध्ये अमेरिकेत सिटीबँकेच्या कार्डाची एक जाहिरात आली होती. युटा राज्यातल्या फिशर टॉवर्समधला एन्शंट आर्ट हा मऊ, मातकट वालुकाश्माचा पिळदार सुळका, चढणारी केटी ब्राउन आणि जोडीदार अॅलेक्स होनोल्ड, दोघेही नावाजलेले क्लायंबर. मुलगी सुट्टीसाठी केलेली खरेदी सांगते: पट्टा, नायलॉनच्या वस्तू, नवे बूट. आणि पडद्यावर दिसतात हार्नेस, स्लिंग आणि क्लायंबिंगचे बूट. साधन, जोडीदार आणि खरा सुळका तिघांनाही जागा मिळाली. शिवाय मुलगी पुढे आहे. आपल्याकडच्या जाहिरातीत ती बहुतेक वेळा खाली उभी राहून टाळ्या वाजवते.

मुलगा होनोल्डचंच नाव पुढे करील, ती तयारी ठेवा. ३ जून २०१७ ला तो अमेरिकेतल्या योसेमिटीच्या एल कॅपिटन कड्यावरची फ्रीरायडर ही जवळजवळ ९०० मीटरची वाट दोराशिवाय एकट्याने चढला, हे खरं. त्याआधी वर्षाहून अधिक काळ तो हीच वाट दोर लावून पुन्हा पुन्हा चढत होता, एकेक होल्ड पाठ करत होता, हेही तितकंच खरं. आणि असल्या चढाईला पैसा पुरवणाऱ्या कंपन्यांनाही एका मर्यादेपलीकडे धास्ती वाटते. २०१४ मध्ये क्लिफ बार या खाऊच्या कंपनीने होनोल्ड, डीन पॉटर, स्टेफ डेव्हिस यांच्यासह पाच जणांचं प्रायोजकत्व काढून घेतलं. दोराशिवायची चढाई आणि बेस जंपिंग (कड्यावरून पॅराशूट घेऊन उडी) यांतला धोका आपल्या नावाशी जोडला जायला नको, असं त्यांचं म्हणणं होतं.

पण माझ्या मते मुलाला सगळ्यात जास्त समजायला हवा तो आपला दगड. परदेशी जाहिरातीत दिसतो तो युटाचा वालुकाश्म, योसेमिटीचा ग्रॅनाइट किंवा थायलंडच्या किनाऱ्यावरचा चुनखडक. साताऱ्यात आहे दख्खनचा बेसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर ओतला गेलेला. प्रत्येक थराचा मधला भाग घट्ट, वरचा भाग सच्छिद्र आणि कुजका, आणि दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे लाल गेरूसारखी भुसभुशीत पट्टी. म्हणून आपले कडे सलग नसतात. कातळटप्पा, मग गवताची तिरकी पट्टी, मग पुन्हा कातळटप्पा. अजिंक्यतारा, पांडवगड, वैराटगड, कुठेही खालून बघा, ही पायऱ्यांची रचना दिसते. कास, महाबळेश्वर, पाचगणीकडे सगळ्यात वर जांभ्याची टोपी. जांभा हाताला खरखरीत, पकडायला छान वाटतो आणि न सांगता तुकड्याने निघतो.

याचे परिणाम थेट आहेत. लीड करणारा शेवटच्या बोल्टच्या ३ मीटर वर असताना सुटला, तर तो ६ मीटर पडतो, अधिक दोरातली ढील, अधिक ताण, म्हणजे सात-आठ मीटर धरा. परदेशातल्या सपाट ओव्हरहँगवर तो हवेत झुलतो आणि हसत वर येतो, तोच शॉट जाहिरातीत असतो. आपल्याकडे त्या सात मीटरच्या आत बहुधा गवताची पट्टी किंवा दगडाचा कट्टा असतो, आणि घोटा तिथेच मोडतो. होल्ड पकडण्याआधी मुठीने ठोकून बघायचा. टणटणीत वाजला तर ठीक, बद्द वाजला तर मागे पोकळी आहे, सोडून द्यायचा. खेचायचं झालं तर खाली दाबून खेचायचं, बाहेरच्या बाजूला ओढायचं नाही. गवत आणि कारवी धरून चढायचं नाही, मुळं कातळात नसतात, वरच्या मातीत असतात.

आणि ऋतू. जाहिरातवाल्यांना सह्याद्री हिरवा हवा असतो, म्हणजे सप्टेंबर, कासची फुलं, ढग, धुकं. नेमका तेव्हा कातळ पाझरत असतो, शेवाळ ताजं असतं, मुरलेल्या पाण्याने सुटे झालेले दगड पडत असतात. चढाईचा काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी, जेव्हा डोंगर पिवळा आणि टीव्हीला नकोसा असतो. थंडीतही सकाळच्या सोनेरी उजेडात दवाने कातळ ओला असतो, ऊन लागून सुकेपर्यंत थांबायचं.

आग्या मोहोळ कुठल्याच जाहिरातीत नसतं. आपल्या कड्यांच्या ओव्हरहँगखाली ती मोठी पोळी हमखास असतात. उग्र वास, धूर, आरडाओरडा, डोक्यावर घोंगावणारा ड्रोन, यांतल्या कशानेही माश्या उठतात, आणि दोरावर लटकलेल्याला पळता येत नाही. त्यामुळे डिओडरंटची जाहिरात कड्यावर चित्रित करणाऱ्यांचं कौतुकच वाटतं. चढाईच्या दिवशी अत्तर, डिओ, सुगंधी तेल काही लावायचं नाही. दुर्बिणीतून पोळं दिसलं तर त्या दिवशी तो कडा रद्द.

जाहिरातींवर काही बंधन आहे का? आहे. आस्की, म्हणजे १९८५ पासूनची जाहिरात मानक परिषद, तिच्या संहितेत सबळ कारणाशिवाय धोकादायक कृती आणि सुरक्षिततेची बेपर्वाई दाखवू नये असं म्हटलंय. ग्राहक संरक्षण कायद्याखालच्या २०२२ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांतही मुलांसाठीच्या जाहिरातींत त्यांना धोक्यात घालील अशा वागण्याला उत्तेजन नको, असं आहे. प्रत्यक्षात तळाशी बारीक अक्षरांत ओळ येते: तज्ज्ञांच्या देखरेखीखाली चित्रित, घरी करून पाहू नका. घरी कोणाच्या कडा आहे? कमरेचा दोर पुसला हे त्या ओळीत सांगितलं तर तिचा उपयोग होईल. विम्याच्या जाहिरातीतही क्लायंबर आवडीने दाखवतात. त्याच क्षेत्रातल्या आरोग्य पॉलिसीची कागदपत्रं उघडा: प्रमाणित वगळण्यांच्या यादीत क्रमांक ९ ला व्यावसायिक म्हणून केलेले धाडसी खेळ आहेत आणि त्यांत रॉक क्लायंबिंग नाव घेऊन छापलेलं आहे. हौशी माणसाला ते कलम जसंच्या तसं लागू नाही, पण अपघात विम्याच्या अटी निराळ्या असतात, त्या वेगळ्या वाचा.

मुलाला खरंच शिकायचं असेल तर शिकू द्या. खेळ चांगला आहे. चौघांनी मिळून एखाद्या जाणत्या संस्थेच्या प्रस्तरारोहण शिबिरात नाव घालावं. फक्त रॅपलिंग करवून 'क्लायंबिंग'चं प्रमाणपत्र देणारी शिबिरं बरीच आहेत, ती टाळा. दोरावरून उतरणं म्हणजे चढाई नव्हे. पहिले दिवस टॉप रोपवर जायला हवेत: दोर वरच्या अँकरमधून खाली आलेला, खाली बिले देणारा. तिथेही एक खाच आहे. १५ मीटरच्या कातळावर सुरुवातीला ३० मीटर दोर बाहेर असतो. ८ टक्के ताण धरला तर हिशेबाने २.४ मीटर, वरच्या कॅराबिनरच्या, म्हणजे दोर ओवायच्या दाराच्या कडीच्या, घर्षणाने थोडा कमी. म्हणजे पहिल्या दोन मीटरमध्ये सुटलेला मुलगा दोर असूनही जमिनीला लागू शकतो. म्हणून सुरुवातीला बिले ताठ ठेवायची आणि खाली दगडधोंडे नसलेली जागा निवडायची.

चढण्याआधी जोडीने एकमेकांना तपासायचं, दर वेळी, कितीही अनुभव असला तरी. हार्नेसचा पट्टा कमरेच्या हाडांच्या वर बसलाय का, दोन्ही हातांनी खाली ओढला तर सरकतो का. गाठ फिगर ऑफ एटची, म्हणजे इंग्रजी आठच्या आकाराची, दोर परत फिरवून बांधलेली, पदर एकमेकांवर न चढलेले, शेपूट निदान १०-१५ सेंटिमीटर. बिलेच्या साधनात दोर सुलटा ओवलाय का. कॅराबिनरचा स्क्रू बंद का: दार बंद असताना लांबीच्या दिशेने २० किलोन्यूटन सोसणाऱ्या कॅराबिनरला दार उघडं असताना मानकाप्रमाणे फक्त ७ चीच हमी असते. चढणारा बिले देणाऱ्यापेक्षा बराच जड असेल तर बिले देणाऱ्याला खाली अँकर करायचं, नाहीतर तोच उचलला जाऊन कातळावर आपटतो. 'डर के आगे जीत है' हे पोरांना पाठ आहे, पण पोटात गोळा आल्यावर गाठ पुन्हा बघणं हेच भीतीचं काम, तिला पुढे ढकलायचं नाही.

जागेचाही विचार हवा. संरक्षित किल्ल्यावर बोल्ट ठोकणं हा गुन्हा ठरू शकतो. प्रतापगड तर २०२५ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. कोयना-चांदोलीकडे सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात वनखात्याच्या परवानगीशिवाय पाऊल टाकायचं नाही. सांगलीकडची पोरं शिराळ्याच्या बाजूने तिकडे घुसतात, त्यांनाही हेच लागू.

शिबिराची फी भरण्याआधी आयोजकांना चार गोष्टी विचारा. दोर कोणत्या वर्षीचे आहेत आणि त्यांच्या वापराची नोंदवही आहे का, कारण दोर न वापरताही जुना होतो आणि बरेच उत्पादक दहा वर्षांनंतर तो वापरू नका म्हणतात. एका प्रशिक्षकामागे मुलं किती. २०२१ च्या राज्याच्या साहसी पर्यटन धोरणाप्रमाणे नोंदणी आहे का. आणि कोणी जखमी झालं तर स्ट्रेचर, जवळचं रुग्णालय आणि बचाव पथक यांची सोय काय. नोंदवही दाखवायला टाळाटाळ झाली तर दुसरं शिबिर बघा.